निम्मा आकडा

सासऱ्यांच्या टकलावर केस उगवले होते.

सकाळी ते नातीचा हरवलेला मोजा शोधायला टेबलाखाली वाकले, खिडकीतलं ऊन नेमकं त्यांच्या डोक्यावर पडलं आणि सुनेला ते दिसलं. केस म्हणावेत असं फारसं काही नव्हतंच ते. नव्या टॉवेलवर असते तशी बारीक लव, पण काळसर, आणि तीही टाळूच्या मागच्या अंगाला, जिथं या घरात आल्यापासून तिनं निव्वळ चकाकीच पाहिली होती. "एक सापडला," बाबा टेबलाखालूनच म्हणाले, "दुसरा तुझ्या लेकीनं गिळला असणार. विचार तिला." लेक फरशीवर बसून चमचा चोखत होती. एरवी त्यांच्या अशा बोलण्यावर सून हसली असती. पण तिच्या हातात फोन होता, फोनवर बाबांच्याच रक्ताचा नुकताच आलेला रिपोर्ट होता, चांगला होता, आणि तरी तिची नजर पुन्हा त्या लवेकडे गेली. हे केस आणि हा रिपोर्ट एकमेकांना ओळखतात असं तिला वाटलं. लग्नाच्या गर्दीत दोन अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि आपल्याला कळत नाही यांची ओळख कुठली, तसं. बाबा टेबलाखालून बाहेर आले, उभं राहताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, ऊन त्यांच्या डोक्यावरून सरकलं आणि लव दिसेनाशी झाली. आपल्याला खरंच दिसलं का, असं तिनं स्वतःला विचारलं. हा प्रश्न ती हल्ली फार वेळा विचारत असे.

रिपोर्ट पीएसएचा होता. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची जी अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्यातून रक्तात झिरपणारं एक द्रव्य. फार झिरपायला लागलं तर ती ग्रंथी वयानं वाढलेली असेल, नाहीतर सुजलेली असेल, नाहीतर तिच्यात कॅन्सर असेल. कोणतं ते रक्त सांगत नाही, रक्त फक्त बोट दाखवतं. बाबा लघवीला सारखे उठतात, बाथरूमचं दार लावून फार वेळ आत राहतात, हे अर्थात तिच्याच लक्षात आलं होतं. सासूबाई गेल्यावर त्या गोष्टी लक्षात यायला घरात दुसरं कोणी उरलंच नव्हतं. पण सुनेनं सासऱ्याला ते विचारायचं कसं? तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं बाबांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्त तपासायला सांगून मूत्ररोगतज्ज्ञाची वेळही घेऊन ठेवली. ती वेळ आज संध्याकाळची होती. आणि रिपोर्टवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: तीन पॉइंट नऊ. शेजारी: चारपर्यंत सर्वसाधारण.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती अजून हिरव्या रंगाकडेच बघत होती. "पाहिलंस ना? चारच्या आत! मी म्हणत नव्हतो, म्हातारा ठणठणीत आहे म्हणून? माझ्या जिवाला किती घोर लागला होता, तुला काय सांगू. आता ते संध्याकाळचं रद्द करून टाक. फोन तूच कर हं, मी मीटिंगमध्ये घुसतोय."

"अरे, पण एकदा दाखवून तर येऊ."

"काय दाखवायचं? काही झालं नाही म्हणून दाखवायचं? तिथं जाऊन नको तिथं बोटं घालून घ्यायची आणि मग आठवडाभर बाबांचा रुसवा सहन करायचा. दुर्बीण, आजच्या दिवस तरी डोळे मिट बाई."

दुर्बीण हे तिचं घरातलं नाव. लेक झाल्यापासून पडलेलं, आणि त्याला कारणंही होती. लेकीच्या पाठीवर लाल चट्टे आले म्हणून भर दुपारी टॅक्सी करून ती दवाखान्यात धावली होती, तर नव्या दुपट्याचा रंग गेलेला निघाला. ओठ निळे दिसले म्हणून धावली, तर बाबांच्या खिशातल्या पेनाची शाई. बाळाची छाती वरखाली होते ना हे बघायला ती पाळण्यावर इतकी वाकून उभी राहायची की तिच्याच केसांनी नाकात गुदगुल्या होऊन बाळ उठायचं. बालरोगतज्ज्ञ शेवटी म्हणाले होते, बाळ उत्तम आहे, आई, तुम्ही जरा झोपा. सगळे हसले होते. तीही हसली होती, आणि त्या हसण्यात कुठंतरी तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गळून पडला होता. आधी तिला दिसायचं आणि ती मानायची. आता दिसायचं, मग आपलं हसं होईल की काय असं वाटायचं, मग पुन्हा दिसायचं. आताही तिनं बाबांकडे पाहिलं. ते नातीच्या पायात मोजा चढवत होते, एकच, आणि दुसऱ्या पायाला समजावत होते की तुझी पाळी उद्या. "काय म्हणतो तुझा नवरा?" त्यांनी न बघता विचारलं. "रिपोर्ट चांगला आहे म्हणतो." "मग झालं तर," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. की नेहमीसारखंच म्हणाले? लपवणारा माणूस पटकन बोलतो की सावकाश?

लेक झोपल्यावर ती कामाला बसली. एका छपाई कंपनीसाठी औषधांच्या खोक्यांवरचा आणि खोक्यात घडी घालून कोंबलेल्या माहितीपत्रकांवरचा मजकूर ती घरी बसून तपासत असे. मुंगीएवढी अक्षरं पडद्यावर मोठी करायची, स्वल्पविराम, मात्रा, मिलिग्रॅमचे ठिपके जागेवर आहेत का बघायचं, आणि पुढं सरकायचं. अर्थाशी तिचा संबंध नव्हता. यकृत, मूत्रपिंड, अंधारी येणे, क्वचित मृत्यू, हे सगळं तिच्या डोळ्यांखालून भाजीवाल्याच्या हाकेसारखं जात असे. पण अर्थ डोळ्यांवाटे आत जाऊन कुठंतरी बसत असावेत, कारण कधीकधी नुसतंच एखादं वाक्य वर तरंगून यायचं, कुठल्या औषधाचं ते न सांगता. तसं आता आलं. आकडा साधारण निम्म्यावर येऊ शकतो, तपासणीपूर्वी डॉक्टरांना कळवावे. त्यातला स्वल्पविराम तिला आठवला, कारण तिथं तो आधी नव्हता, तिनंच घातला होता. पण कसला आकडा? कुठल्या गोळीनं? समोर खोकल्याच्या औषधाचं लेबल उघडं होतं आणि ती त्यातल्या एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येत होती.

मग तिला स्वतःला दिवस राहिले तेव्हाची गोष्ट आठवली. नवऱ्याचे केस तेव्हा गळत होते आणि तो त्यासाठी रोज एक गोळी घेत असे, आरशासमोर, जवळजवळ भक्तिभावानं. तिनं डॉक्टरबाईंना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, फुटलेली असेल तर हात लावू नका, मुलगा असेल तर गर्भाला अपाय होऊ शकतो. हात लावू नका एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण तिनं घरी येऊन त्या गोळ्या नवऱ्याला बंदच करायला लावल्या, त्यानं केसांसाठी दोन दिवस सुतक पाळल्यासारखा चेहरा केला, आणि वर्षभराच्या एकदम आणलेल्या सगळ्या पट्ट्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून कपाटाच्या वर ठेवून दिल्या. त्या वेळी त्या गोळ्यांचं माहितीपत्रक तिनं कामासाठी नव्हे, भीतीनं वाचलं होतं. की कामासाठी वाचलं ते दुसरं? ते वाक्य याच गोळीचं का? केसांची गोळी आणि लघवीची गोळी यांचा काय संबंध? तिनं फोनवर शोधलं. एकानं लिहिलं होतं, तेच औषध, केसांना कमी मात्रा, प्रोस्टेटला जास्त. दुसऱ्यानं लिहिलं होतं, कमी मात्रेनंही आकडा उतरतो. तिसरा म्हणत होता, काही महिने लागतात. चौथा तिला टक्कल घालवण्याचं तेल विकत होता. निम्मा. म्हणजे दिसतो त्याच्या दुप्पट. की असतो त्याच्या निम्मा? दोन्ही एकच की वेगळं, हेसुद्धा तिला धड कळेना. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी बाई, आणि आता बोटं मोजत बसली होती.

तिनं नवऱ्याला फोन केला. "तुझ्या त्या केसांच्या गोळ्या कुठं आहेत रे?"

"कपाटावर, डब्यात. का?" त्याचा आवाज एकदम उजळला. "परत सुरू करू म्हणतेस? परवानगी देतेस? अगं, मी हल्ली लिफ्टच्या आरशात बघतसुद्धा नाही."

"नाही, सहज."

"तुझं सहज मला माहीत आहे. रद्द केलंस ना डॉक्टरांचं?"

"करते."

स्टुलावर चढून तिनं डबा खाली घेतला. पट्ट्या होत्या. व्यवस्थित, एकावर एक, रबर लावलेल्या. वरची रिकामी होती. तिच्याखालची रिकामी. तिनं रबर काढलं आणि एकेक उलटून पाहिली, एकेका खळग्यातून बोट फिरवलं, जणू बोटाला काही वेगळं सांगायचं असेल. रिकाम्या पट्ट्या नवऱ्यानं पुन्हा डब्यात ठेवल्या नसत्या, तो जिथं असेल तिथं टाकतो. वापरलेली काडीसुद्धा काडेपेटीत परत घालणारा माणूस या घरात एकच होता.

तर दुर्बिणीला या खेपेला खरंच काहीतरी दिसलं होतं. आनंद व्हायला हवा होता की काय? ती स्टुलावरच बसून राहिली. आतल्या खोलीतून लेकीच्या श्वासाचा बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि बाहेर गॅलरीत बाबा काहीतरी ठोकत होते. हिरवी अक्षरं. नवऱ्याचा उजळलेला आवाज. घोर लागला होता म्हणाला तो, आणि तिला ठाऊक होतं, रात्रभर कूस बदलत होता. आपण तोंड उघडलं की हे सगळं गेलं. आणि आपलं चुकलं असेल तर? समजा बाबांनी नुसत्या हौसेनं घेतल्या असतील, समजा दुप्पट करूनही काही निघालं नाही, तर सासऱ्याच्या गोळ्या मोजणारी सून म्हणून आपण या घरात उरू. नाही उघडलं तर? मग आतल्या आत काहीतरी वाढत राहील, हिरव्या रंगाच्या आडोशाला, आणि ते फक्त तिला ठाऊक असेल. तिला वाटलं, हे ठाऊक असणं आपल्याला पेलणार नाही. आणि मग वाटलं, बोलणं तरी कुठं पेलणार आहे.

गॅलरीत बाबा नातीच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक बसवत होते. आयुष्यभर ते विजेचे मीटर तपासण्याच्या नोकरीत होते. सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात टेस्टर असे, आणि घरातली प्रत्येक फिरणारी वस्तू बरोबर फिरते की नाही याचा त्यांना ध्यास असे. ती दारात उभी राहिली. पदर, ओढणी, असं काहीतरी चाचपायला हात गेला. अंगात साधा शर्ट होता.

"बाबा, तुम्ही ह्याच्या केसांच्या गोळ्या घेता?"

त्यांच्या हातातला टेस्टर थांबला. मग बाबांनी हसून डोक्यावरून हात फिरवला. "का, या वयात छानछोकी करायला बंदी आहे? बागेतल्या बायका बघायला लागल्यात माझ्याकडे."

ही सुटायची वाट होती. तिनं फक्त हसायचं होतं आणि आत जायचं होतं, आणि क्षणभर ती हसलीसुद्धा. मग तिच्या तोंडून, तिला न विचारताच, बाहेर पडलं, "त्यानं पीएसएचा आकडा निम्मा होतो."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

तिला वाटलं होतं ते दचकतील. त्याऐवजी तीच दचकली.

"तुझे दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट," ते गाडीकडे बघत म्हणाले. "बागेत तपासणीचं शिबिर होतं. सहा पॉइंट आठ आला. कर्नलला दाखवला." कर्नल म्हणजे त्यांचा फिरायला जाण्याचा सोबती, सैन्यात कधी नव्हता, नुसत्या मिशा होत्या. "तो म्हणाला, माझा याहून जास्त होता, अमुक गोळीनं निम्म्यावर आला. नाव सांगितलं त्यानं. म्हटलं, ही तर आपल्या घरात पडून आहे."

"त्यांना डॉक्टरांनी दिली असेल, बाबा. सगळं तपासून."

"असेल की."

"पण आकडा खाली येणं म्हणजे बरं होणं नव्हे."

"का नव्हे?" बाबांनी आता पहिल्यांदा मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, खरोखरचा प्रश्न होता. "ताप उतरला की माणूस बरा झाला म्हणतोच ना आपण? कर्नलची साखर खाली आली तेव्हा डॉक्टरनं पाठ थोपटली त्याची. रक्तदाब खाली आला, थोपटली. मग हाच आकडा एवढा उपरा का? वर होता, खाली आणला. मेहनत केली मी. एक दिवस चुकवला नाही."

खरंच, का? ती एवढी शिकलेली, रोज औषधांच्या मजकुरात बुडालेली, आणि एका साध्या 'का'पुढं तिची बोबडी वळली. ताप हाच आजार नसतो, पण उतरला की बरं वाटतंच. आकडा हा आजार नसतो, पण उतरला की घरात सगळे हसतात, नवरा फोनवर ओरडतो. कदाचित बाबांचंच बरोबर असेल. कदाचित आपणच...

"लोक मीटरला चुंबक लावायचे," बाबा मधेच म्हणाले, जणू भलताच विषय निघाला असावा. "चकती हळू फिरायची. मी पकडायचो. म्हणायचो, अरे शहाण्या, चकती हळू झाली म्हणून काय वीज कमी जळली का..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांच्या हातातलं चाक एकदा फिरलं आणि थांबलं. ते त्या चाकाकडे बघत राहिले, ती त्यांच्याकडे.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिनं हळू विचारलं.

"सगळं घर तुझ्या पोटाकडे बघत होतं. म्हटलं, एका वेळी एकच बातमी." मग जरा थांबून, "आणि तुम्हाला काय सांगायचं गं? लघवीच्या गोष्टी."

"रद्द केलेलं नाही मी," ती म्हणाली. "संध्याकाळचं."

बाबांनी टेस्टर खिशाला लावला. उठताना या खेपेला त्यांनी गुडघ्यावर नव्हे, दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "मग तू आत ये माझ्याबरोबर. परक्या माणसासमोर मला हे पुन्हा सांगता यायचं नाही."

टॅक्सीत लेक दोघांच्या मधे बसली होती. तीन पॉइंट नऊ दुणे सात पॉइंट आठ. तेव्हा सहा पॉइंट आठ. म्हणजे आकडा निम्मा झाला खरा, पण ज्याचा निम्मा झाला तो मधल्या काळात वाढलेला होता? की गोळी पुरती लागू पडली नाही? की दुपटीचा हिशोब माणसागणिक वेगळा? तिनं बाबांना हे काही सांगितलं नाही. खिडकीतून पळणारी दुकानं, दुकानांच्या पाट्या, पाट्यांवरचे आकडे, सगळे तिला एकदम संशयास्पद वाटू लागले. कुठला खरा, कुठल्याला कुणी चुंबक लावलंय, कोण जाणे. दवाखान्यात सगळे म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर मोठं पाकीट, आणि एकमेकांकडे बघायचं टाळायला सगळेजण लेकीकडे बघत होते. लेकीला एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. तिनं एकाची काठी धरली, दुसऱ्याकडे बघून टाळ्या पिटल्या.

डॉक्टर चाळिशीचे, थकलेल्या आवाजाचे होते. रिपोर्ट बघून म्हणाले, "हे तर बरं आहे. दुसरी काही औषधं चालू?"

बाबा त्यांच्या टेबलावरच्या कागद दाबायच्या काचेकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. आणि मग तिनं सांगितलं. गोळीचं नाव, किती महिने, आधीचा आकडा. सांगताना तिचा आवाज नको तेवढा स्वच्छ येत होता, जणू ती मजकूर वाचून दाखवत होती. बाबांचे कान लाल झाले. लेकीनं तिच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा करून ठेवला. रागावले नाहीत, ते जास्त अवघड होतं. "तर हा आकडा आपल्याजवळ नाहीच असं समजू," ते म्हणाले. "दुप्पट धरायचा असा ठोकताळा आहे, पण तो ठोकताळाच. या गोळीवर आकडा जितका उतरायला हवा तितका उतरला नसेल, तर ते बघायला हवं. लगेच कॅन्सर असं मी म्हणत नाही. वयानं ग्रंथी वाढते, जंतुसंसर्ग असतो, त्यानंही चढतो. नाही असंही म्हणत नाही. आधी मी तपासतो, मग लघवीची तपासणी, मग एमआरआय. गरज वाटली तर तुकडा काढून बघू. तुम्ही जरा बाहेर थांबता का?" शेवटचं तिला उद्देशून होतं.

"मग आता माझा आकडा किती समजायचा?" बाबांनी विचारलं.

"सध्या कितीच नाही."

बाबा बाहेर आले तेव्हा पट्टा एक भोक सैल लागला होता आणि चेहरा कसलाच नव्हता. तिला काहीतरी बोलायचं होतं. चुकलं का माझं, असं विचारायचं होतं. पण कुणाला विचारायचं, आणि कशाबद्दल, हे तिला समजेना. आपण त्यांना वाचवलं की त्यांच्याजवळ होता नव्हता तो दिलासा काढून घेतला? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? तिनं नवऱ्याला लावायला फोन काढला, तर बाबांनी हात पुढं केला. "आण इकडं. मी सांगतो. तू सांगितलंस तर म्हणेल, दुर्बीण."

त्यांनी फोन कानाला लावला. नवऱ्याचा आवाज तिच्यापर्यंत आला, नुसता आवाज, शब्द नाहीत, आनंदी होता. बाबांनी घसा साफ केला. "नाही रे, रद्द नाही केलं. आम्ही इथंच आहोत, दवाखान्यात. ऐक. अधेमधे बोलू नकोस, मला सलग सांगू दे. मागच्या वर्षी माझा एक आकडा आला होता..."

त्यांना एकट्याला बोलू द्यावं म्हणून ती लेकीला घेऊन बाजूला सरकू लागली. पाऊल उचललं तर खांद्यावरची पिशवी मागे ओढली गेली. पिशवीचा बंद बाबांच्या दुसऱ्या हातात होता, मुठीत, घट्ट. त्यांनी तो जाणूनबुजून धरला होता की नुसताच हाताला लागला म्हणून, हे तिला कळेना. ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. ती तिथंच उभी राहिली.